सोमवारची छाती

सूतगिरणीत उमेद घालवलेल्या माणसाला सोमवारबद्दल विचारून बघा. रविवारची सुट्टी झाली की माणूस ताजातवाना होऊन कामावर यायला हवा. इथे उलटं व्हायचं. सोमवारी पाळी सुरू होऊन दोन-चार तास झाले की छाती आवळल्यासारखी व्हायची, कोरडा खोकला सुटायचा, संध्याकाळी अंगात कसकस. मंगळवारी जरा बरं, बुधवारी आणखी बरं, शनिवारपर्यंत माणूस विसरूनही जायचा. मग पुन्हा रविवार आणि पुन्हा तोच सोमवार. यावर गिरणगावातला उपाय म्हणजे गुळाचा खडा. घशात गेलेली रुई गुळानं खाली उतरते, असा ठाम विश्वास होता. अशी काही वर्षं गेली की मंगळवारही सोमवारासारखा व्हायचा, मग आठवड्याचे सगळेच दिवस, आणि शेवटी जिना चढताना दम लागला की माणूस ‘वय झालं’ म्हणून गप्प बसायचा. डॉक्टरांच्या भाषेत या आजाराला बिसिनोसिस म्हणतात.

बडोद्यात राहणाऱ्याला कापूस शोधायला लांब जावं लागत नाही. शहराच्या दक्षिणेला भरूचकडे पसरलेला काळ्या मातीचा कानम पट्टा कापसासाठीच नावाजलेला. अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस मँचेस्टरला मिळेनासा झाला आणि इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच काळात, १८६२ साली, गायकवाड सरकारनं डभोई ते मियागाम अशी अडीच फुटी रेल्वे टाकली. देशातली ही पहिली नॅरोगेज. गंमत म्हणजे सुरुवातीला तिला इंजिन नव्हतं, डबे बैल ओढायचे. आजही दिवाळीनंतर करजण, डभोई, बोडेलीच्या रस्त्यांना कापसाच्या ट्रॉल्या लागतात, जिनिंगच्या शेडमधून सरकी एकीकडे आणि रुई दुसरीकडे पडते, आणि आत उभा राहिलेला माणूस पांढऱ्या धुक्यात असतो. ते धुकं म्हणजे धूळ, हे कुणालाही दिसतं. न दिसणारी गोष्ट वेगळीच आहे.

कापसाचं बोंड फुटतं तेव्हा भोवतीची हिरवी पानं वाळून कुसकरतात आणि रुईत मिसळतात. या वाळक्या पानांवर, दहिवरात आणि अवकाळी पावसात, जिवाणूंची भरघोस वस्ती होते. त्यातले बरेचसे ‘ग्रॅम-निगेटिव्ह’ जातीचे. या जातीच्या जिवाणूच्या बाहेरच्या आवरणात स्निग्ध पदार्थ आणि साखर यांच्या जोडणीतून बनलेला एक रेणू असतो. जिवाणू जगतो, मरतो, त्याचे तुकडे होतात. रेणू तसाच राहतो. त्याचं नाव एंडोटॉक्सिन, मराठीत अंतर्विष. बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉखच्या हाताखाली काम करणाऱ्या रिशार्ट फायफरनं १८९२ च्या सुमारास पटकीचे जंतू उष्णतेनं मारून प्राण्यांना टोचले, आणि मेलेले जंतूही प्राण्यांना मारतात असं त्याला दिसलं. विष जंतूनं बाहेर सोडलेलं नव्हतं, त्याच्या अंगातच होतं. म्हणून ‘अंतर्’.

याचा चिवटपणा थक्क करणारा आहे. दवाखान्यात उपकरणं ज्या १२१ अंशांच्या वाफेत निर्जंतुक करतात, त्या वाफेत जिवाणू मरतो, अंतर्विष बहुतांशी टिकतं. काचेच्या कुप्यांवरून ते घालवायला कोरडी २५० अंशांची भट्टी लागते, तीही अर्धा तास. आपल्या शरीराला मात्र या रेणूची फार जुनी ओळख आहे. त्याचा मागमूस लागला की पेशी धोक्याची घंटा वाजवतात: ताप, सूज, श्वासनलिका आवळणं. दोन दिवस सतत घंटा वाजली की शरीर तिच्याकडे कानाडोळा करायला लागतं. रविवारच्या सुट्टीत हा कानाडोळा ओसरतो. सोमवारच्या कोड्याचं उत्तर बरंचसं इथे आहे.

आता प्रश्न असा, की माणूस धुळीनं आजारी पडतो की धुळीतल्या या विषानं? याचा निकाल लावणारा प्रयोग अमेरिकेत झाला आणि १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. कार्डिंगच्या, म्हणजे रुई विंचरण्याच्या, खोलीची प्रतिकृती उभारून कास्टेलन आणि सहकाऱ्यांनी स्वयंसेवकांना वेगवेगळ्या कापसांच्या धुळीत बसवलं आणि आधी-नंतर त्यांच्या फुप्फुसांची फुंकर मोजली. फुंकर किती घटली याचा मेळ धुळीच्या वजनाशी धड बसेना. अंतर्विषाच्या मात्रेशी मात्र चोख बसला. घनमीटर हवेत सुमारे ९ नॅनोग्रॅमच्या खाली परिणाम दिसेनासा झाला. नेदरलँड्सच्या आरोग्य परिषदेनं २०१० मध्ये कामगारांसाठी जी मर्यादा सुचवली, ती या प्रयोगाच्या आधारानंच: घनमीटरला ९० एकक, म्हणजे तेच ९ नॅनोग्रॅम.

आपल्याकडचा आकडाही बघून घेऊ. अहमदाबादच्या तीन गिरण्यांमधल्या ९२९ कामगारांची पाहणी १९८९ मध्ये प्रसिद्ध झाली. ब्लोरूममध्ये, म्हणजे कापसाच्या गाठी फोडून झाडतात तिथे, जवळजवळ ३० टक्के आणि कार्डिंगमध्ये जवळजवळ ३८ टक्के कामगारांना बिसिनोसिस होता. ब्लोरूमच्या हवेत घनमीटरला ४ मिलिग्रॅम धूळ होती. आपल्या कारखाना कायद्याच्या परिशिष्टात कापसाच्या धुळीची मर्यादा ०.२ मिलिग्रॅम ठरवलेली होती. विसांश. बिसिनोसिस कायद्यानं कळवण्याजोगा आजारही आहे. पण परिशिष्टात मोजायला सांगितली होती ती धूळ, तिचं वजन. दोन शेडमध्ये वजनानं सारखीच धूळ असेल, एकीत कोरड्या वर्षाचा स्वच्छ कापूस आणि दुसरीत वेचणीच्या वेळी भिजलेला काडीकचऱ्याचा माल; कायद्याच्या तराजूत दोन्ही सारख्या. फुप्फुसाच्या तराजूत नाहीत.

आणि इथेच बडोद्याची दुसरी बाजू समोर येते. हे औषधांचं शहर आहे. कलाभवनचे प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर, कोटीभास्कर आणि भाईलाल अमीन यांनी १९०७ मध्ये अलेम्बिकचा पाया घातला, तेव्हापासून रसायनं आणि औषधं या गावाच्या अंगात मुरली आहेत. आज पादऱ्यापासून हालोलपर्यंत इंजेक्शनं बनवणारे कारखाने आहेत, आणि अंतर्विष म्हटलं की तिथल्या गुणवत्ता विभागातल्या कुणालाही दुसऱ्या वाक्याची गरज लागत नाही. इंजेक्शनच्या पाण्यात मिलिलिटरला ०.२५ एककापेक्षा जास्त अंतर्विष चालत नाही. पूर्वी सलाइन लावल्यावर रोग्याला हुडहुडी भरून ताप यायचा. हे पाणी निर्जंतुक असूनही दोषी का, हे फ्लॉरेन्स साइबर्ट या संशोधिकेनं १९२० च्या दशकात दाखवलं: उकळून गाळलेल्या पाण्यातही मेलेल्या जिवाणूंचे अवशेष उरत होते. मग अनेक वर्षं प्रत्येक औषध सशांना टोचून त्यांना ताप येतो का हे बघत बसायची पद्धत होती.

सशांची सुटका एका समुद्री प्राण्यानं केली, स्वतःच्या रक्तानं. हॉर्सशू क्रॅब म्हणजे घोड्याच्या नालेसारख्या कवचाचा जीव. नावात खेकडा असला तरी नातं कोळ्या-विंचवाशी, आणि वंश सुमारे ४५ कोटी वर्षं जुना. रक्त निळं, कारण त्यात लोहाच्या जागी तांबं. फ्रेडरिक बँग यांनी १९५६ मध्ये नोंदवलं की ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणू टोचले की याचं रक्त जागच्या जागी गोठतं. पुढे जॅक लेविन यांच्यासह त्यांनी या गोठण्याचीच कसोटी बनवली: रक्तपेशींचा अर्क घ्यायचा, नमुना मिसळायचा, गोठला तर विष आहे. अब्जांश मात्राही त्यातून निसटत नाही. भारतात हे प्राणी ओडिशाच्या बालासोर किनाऱ्यावर आणि सुंदरबनात सापडतात. गोव्यात दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनं त्यांच्यावर बरंच काम केलं आहे. पुढे सिंगापूरमध्ये या रक्तातलाच ‘फॅक्टर सी’ हा घटक प्राण्याविना, प्रयोगशाळेत बनवण्याची रीत निघाली आणि युरोपच्या औषधसंहितेनं २०२१ पासून त्यावर आधारलेली चाचणी स्वीकारली. तेव्हा रक्तासाठी या प्राण्यांवर आलेलं संकटही हलकं होईल अशी आशा धरायला जागा आहे.

म्हणजे ज्या भागात हे विष अचूक मोजणारी माणसं, यंत्रं आणि रसायनं हारीनं आहेत, त्याच भागातल्या जिनिंगच्या शेडमध्ये ते मोजा असं कुठलाच नियम सांगत नाही. शिरेत जाणाऱ्या थेंबाला जी कसोटी, ती छातीत जाणाऱ्या श्वासाला नाही. यात कुणाची लबाडी आहे असं मला वाटत नाही. कुपीतलं पाणी जागेवर थांबतं, हवा थांबत नाही. अडचण खरी इथून सुरू होते.

हवेतलं अंतर्विष मोजायची रूढ पद्धत अशी. कामगाराच्या कॉलरला एक छोटी गाळणी लावायची, कमरेला पंप. पंप मिनिटाला २ लिटर हवा ओढतो. आठ तासांच्या पाळीत झाले ९६० लिटर, जेमतेम एक घनमीटर. म्हणजे मर्यादेइतकं विष हवेत असेल तर दिवसअखेर गाळणीवर जमणार ९ नॅनोग्रॅम. हे किती? साखरेच्या एका बारीक दाण्याचं वजन अर्धा मिलिग्रॅम धरू. तो वस्त्रगाळ करून शंभर मीटर लांब, पन्नास मीटर रुंद आणि अकरा मीटर उंच अशा प्रचंड शेडमध्ये सारखा पसरला, की त्या हवेत जी मात्रा होईल ती ही. मग गाळणी प्रयोगशाळेत जाते, विषमुक्त पाण्यात खळबळवून त्यावरचा ऐवज उतरवतात, निळ्या रक्ताच्या अर्काची कसोटी लावतात. आकडा यायला बरं चाललं तर दुसरा दिवस, एरवी आठवडा. तोपर्यंत कामगार दुसऱ्या लॉटवर उभा असतो.

उशीर हा एक भाग झाला. त्याहून मोठी खोट सरासरीची आहे. धरून चालू, की वीस मिनिटं ओलसर कापसाचा ढिगारा उपसला जातोय आणि हवेत घनमीटरला १,८०० एकक विष आहे. उरलेल्या ४६० मिनिटांत फक्त १०. गाळणी सांगणार: सरासरी सुमारे ८५. मर्यादा ९०. शेरा: सर्व ठीक. प्रत्यक्षात ती वीस मिनिटं अशी होती, की तज्ज्ञ २,००० एककांच्या आसपास फुप्फुसाला तीव्र सूज येण्याचा धोका सांगतात. पाळीचा आकडा खरा आहे आणि तरी खोटा आहे. ती वीस मिनिटं कुठली, हे कळलं असतं तर तेवढं काम बंदिस्त यंत्रानं करता आलं असतं, किंवा तेवढ्यापुरता माणसाला चांगला मास्क देता आला असता. क्षणाक्षणाला मोजणारा सेन्सर हवा तो यासाठी.

मग असा सेन्सर का नाही? कारण त्याला तीन कामं एकदम करावी लागतात, आणि तिन्ही एकमेकांच्या पायात येतात. पहिलं, पुरेशी हवा झटकन गोळा करणं. मिनिटाला २ लिटरनं भागत नाही. २०० लिटर ओढले तर पाच मिनिटांत एक घनमीटर होतो. त्यासाठी ओलं चक्रवात-यंत्र वापरतात: हवा नळीत गरगर फिरते, कण बाहेरच्या भिंतीवर आपटतात, भिंतीवरून वाहणारं थोडंसं पाणी त्यांना धुऊन नेतं. घनमीटरभर हवेतला ऐवज चमचाभर पाण्यात. कापसाच्या शेडमध्ये मात्र या नळीत लवकरच रुईचे तंतू अडकून बोळा होतो.

दुसरं, त्या पाण्यात विष ओळखणं. सोन्याच्या पातळ पत्र्यावर विषाला धरून ठेवणारा रेणू चिकटवतात: पॉलिमिक्झिन हे प्रतिजैविक, किंवा त्यासाठीच घडवलेला डीएनएचा तुकडा. विष चिकटलं की पत्र्याचा विद्युतरोध बदलतो आणि तो बदल मोजता येतो. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात निकोलस ॲबट यांच्या गटानं २०११ मध्ये याहून देखणी युक्ती दाखवली. टीव्हीच्या पडद्यात असतात तसल्या द्रवस्फटिकांचे सूक्ष्म थेंब पाण्यात सोडले. अंतर्विषाचा अत्यल्प अंशही लागला की थेंबातल्या रेणूंची मांडणी पालटते आणि थेंब सूक्ष्मदर्शकाखाली वेगळा दिसायला लागतो. स्वच्छ पाण्यात हे सुंदर चालतं. कापसाच्या, धान्याच्या किंवा शेणाच्या धुळीचं पाणी स्वच्छ नसतं, आणि विष सुटं नसून आवरणाच्या तुकड्यांत, पानाच्या चुऱ्यात अडकलेलं असतं. ते सोडवायचं कसं यावर प्रयोगशाळांचंच एकमत व्हायला वर्षं लागली. युरोपनं त्यासाठी २००३ मध्ये स्वतंत्र मानक काढलं, तरी एकाच नमुन्याचे दोन ठिकाणचे आकडे जुळतीलच असं नाही. शिवाय निळ्या रक्ताची मूळ कसोटी बुरशीच्या आवरणातल्या ग्लुकाननंही फसते. फॅक्टर सी वर आधारलेली चाचणी त्याला फसत नाही.

तिसरं काम सर्वांत कंटाळवाणं, म्हणून त्याच्याबद्दल कुणी उत्साहानं बोलत नाही. विष चिकटलेला पत्रा पुन्हा कोरा करणं. थर्मामीटर झटकला की झालं, इथे तसं नाही. चांगला चिकटणारा रेणू सुटतानाही नाठाळ असतो. त्यामुळे आज ‘क्षणाक्षणाला’ म्हणून जे सांगितलं जातं ते बहुधा अर्ध्या-पाऊण तासानं एकदा असतं, दर वेळी नवी पट्टी घालून. जाहिरात वाचताना हे लक्षात ठेवावं.

खरोखर क्षणाक्षणाला बोलणारी यंत्रं आहेत, पण ती वेगळंच बोलतात. हवेतल्या एकेका कणावर अतिनील प्रकाश टाकायचा. कण चमकला तर त्यात ट्रिप्टोफॅनसारखी जीवद्रव्यं आहेत, म्हणजे तो बहुधा सजीवाचा अंश आहे. इंग्लंडातल्या हर्टफर्डशर विद्यापीठात या जातीचं यंत्र घडलं आणि जगभर परागकण, बुरशी, जिवाणू मोजायला वापरलं जातं. पण अंतर्विष स्वतः असं चमकत नाही. यंत्र सांगतं, ‘इथे काहीतरी जैविक आहे.’ विषारी की निरुपद्रवी, ते सांगत नाही.

शहराच्या चौकातल्या हवेच्या फलकांची तर गोष्टच सोडा. देशाच्या २००९ च्या हवा-मानकांत बारा प्रदूषकं आहेत, सूक्ष्म धुळीपासून बेंझिन-निकेलपर्यंत. बारांत एकही जैविक नाही. पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामान संस्थेची ‘सफर’ यंत्रणा पुण्यात, मुंबईत, अहमदाबादेत हवेचा अंदाज सांगते, तीही याच कुळातली. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी धोक्याच्या २५ फुटांच्याही दहाएक फूट वर गेलं आणि निम्मं बडोदं पाण्यात बसलं, तेव्हा मगरींचे फोटो जगभर गेले. पाणी ओसरल्यावर घराघरांत गाद्या आणि भिंती कुजत होत्या, झाडूनं वाळका गाळ उडत होता. कटरिना वादळानंतर न्यू ऑर्लिन्सच्या घरांत शास्त्रज्ञांनी अशाच गाळाच्या हवेतली बुरशी आणि अंतर्विष मोजलं होतं. फलकावरचा आकडा अशा वेळी घराबाहेरच्या धुळीचंच वजन सांगत राहतो.

एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी, नाहीतर वाचक उद्या घरात विष शोधत बसेल. अंतर्विष सगळीकडे आहे. गोठ्यात, गादीत, आपल्या आतड्यात. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडच्या खेड्यांतल्या मुलांच्या गाद्यांमधली धूळ तपासली, तेव्हा जिथे अंतर्विष जास्त तिथे परागज्वर आणि ॲलर्जीचा दमा कमी, असं २००२ मध्ये दिसून आलं. लहानपणी थोडंथोडं लागलेलं वेगळं आणि शेडमध्ये चाळिसाव्या वर्षी वीस मिनिटांत भसकन छातीत गेलेलं वेगळं. म्हणूनच शहरभर याचे सेन्सर टांगण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही. टांगायचे तर जिनिंगमध्ये, धान्याच्या गोदामात, सांडपाण्याच्या प्रक्रिया केंद्रात, खतासाठी कचरा उलथतात तिथे.

तोवर हात बांधून बसायचं कारण नाही. स्वीडनमध्ये १९८० च्या दशकात एक साधी युक्ती निघाली: कामगाराचं काम कॅमेऱ्यानं टिपायचं, अंगावर झटपट मोजणारं यंत्र लावायचं आणि चित्रावरच आकड्याची पट्टी वरखाली होताना दाखवायची. धूळ क्षणाक्षणाला मोजणारे प्रकाशाचे सेन्सर आज स्वस्त झाले आहेत. शेडमध्ये ते लावले, शेजारी एक गाळणी चालवली, आणि ती गाळणी औषध कारखान्यांत रोज चालते तसल्या प्रयोगशाळेत तपासून घेतली, तर त्या दिवशीच्या धुळीत विषाचं प्रमाण किती हे कळतं. धुळीचा आलेख त्या प्रमाणानं गुणला की विषाच्या आलेखाचा कच्चा आराखडा हाती येतो. अचूक नाही, पण ती वीस मिनिटं त्यात उठून दिसतात.

सूतगिरणीतला कामगार वर्षानुवर्षं त्याच खात्यात असायचा, म्हणून त्याचा सोमवार निदान डॉक्टरांच्या वहीत नोंदला गेला. जिनिंगमधले बरेच जण हंगामापुरते येतात, उन्हाळ्याच्या तोंडावर गावी परततात, पुढच्या दिवाळीला दुसऱ्याच शेडमध्ये उभे राहतात. यांचा सोमवार वर्षातून एकदा, हंगामाच्या पहिल्या आठवड्यात येतो. तेव्हाच दवही असतं, आणि वेचणीचा पहिला, ओलसर माल.